गोठ्यात आलेला लांडगा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. शेजारणींच्या अंगात येणाऱ्या देव्या आयुष्यभर पाहिल्या, एकीवरही विश्वास बसला नाही. पण ही गोष्ट माझ्याच बाबतीत घडली, तीही दिवसाढवळ्या… म्हणून लिहिते.

साल छप्पनच्या आगेमागे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. माझं सासर अर्जुनी मोरगावपासून कोसभर. गावातलं शेवटचं घर, पुढे बोडी – म्हणजे लहानसं तळं – आणि मग जंगल. मी सातवी पास. मला मास्तरीण व्हायचं होतं, पण लग्न लावून दिलं. दोनदा माहेरी पळाले. दोन्ही वेळा बाबांनीच परत आणून सोडलं. "मले चार लोकायत बसा लागते, बाई," एवढंच म्हणाले. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

चैत्रात माझ्या जुन्या शाळेतल्या बाईंनी कासारणीच्या हाती निरोप धाडला – गोंदियाला ट्रेनिंगमध्ये तुझी जागा धरून ठेवली आहे, उद्याच्या दुपारच्या गाडीने ये, नंतर जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी घरचे सगळे शेजारच्या गावी लग्नाला निघाले. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू काऊन नवं लुगडं नेसून राहिली? तू घरीच राहा. पळून गेलीस त आमी तोंड कोनाले दाखवाव?" मला आतल्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. त्या खोलीचं दार गोठ्यातच उघडायचं. गुरं चारणारा गायकीही लग्नाला गेला होता, त्यामुळे गुरं दावणीला. सकाळी मीच बांधली होती.

दाराच्या फटीला डोळा लावून बसले. बसून करणार काय?

भर उन्हात गोठ्याच्या तोंडाशी लांडगा आला. कुत्रा नव्हे, मला दोन्ही ओळखू येतात. एरवी लांडग्याचा नुसता वास आला तरी आमचे बैल खुंटा उपटायला बघायचे. त्या दिवशी एकानेही कान हलवला नाही. तो वासराजवळून गेला, त्याला शिवलाही नाही. मी घाबरून डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळी दावी खाली पडली होती. चावलेली, तुटलेली नव्हती हो… गाठी सोडवलेल्या.

मग तो माझ्या दाराशी आला. फटीतून त्याचा गरम श्वास माझ्या गालाला लागला. कडी वाजली. दार आपसूक हातभर उघडलं.

तो बाहेर जाऊन बोडीच्या पाळीवर उभा राहिला, वळून बघत. त्याला कोणी हाक मारणारं नव्हतं की जाब विचारणारं. मला त्याचा असा हेवा वाटला की रडू आलं. गाडीला वेळ होता, स्टेशनवर चालत सहज पोचले असते. माझं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलंही होतं.

पण गुरं जागची हलली नव्हती. मोकळी, तरी रांगेत उभी. मी दावी उचलली. थोरल्या बैलाने स्वतःच मान खाली केली. एकेकाला बांधलं, खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली.

संध्याकाळी सासूबाई आल्या. त्यांनी बाहेरून कडी काढल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. ती आतून लागत नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं. मग लावली कोणी?

त्यांनी सारवलेल्या जमिनीवरचे पंजांचे ठसे पाहिले. माझ्या दारापर्यंत आलेले, परत गेलेले. मग माझ्याजवळ बसून हळूच विचारलं, "तुलेबी उघडून देल्लं का वो त्यानं?"

मी हो म्हणून मान हलवली. पुढे काही विचारायचं धाडस झालं नाही, त्याही कधी बोलल्या नाहीत. त्यांना जाऊनही आता किती वर्षं झाली. एक्स्प्लेनेशन माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

त्या दिवसानंतर सासूबाईंनी माझ्या दाराला कधी कडी लावली नाही. लावायची गरजच उरली नव्हती.