माथ्याचा पंचनामा

बाळांनो, माझ्या नोकरीतली एक घटना इतक्या वर्षांनीही मनातून हललेली नाही. ती क्रमाने लिहून पाठवते.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाला थोडाच काळ झाला होता. मी इंग्रजी मॅट्रिक, म्हणून पोलिसांत जमादार झाले. बाई जमादार बघायला लोक ठाण्याच्या पायऱ्यांपर्यंत येत.

गंगाखेडपलीकडच्या डोंगरातल्या एका गावच्या पाटलांनी वर्दी दिली, की माथ्यावरच्या देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. त्यांचा संशय तिथे शेरडं चारणाऱ्या धनगरावर होता. फौजदारांनी त्याला हवालातीत घातलं. दोन दिवस त्याचा जबाब एकच.

"साहेब, मी माथ्यावर पाय बी ठेवला न्हाई. तिथं गडी मानूस जात न्हाई, वरसातून एक दिस बायाच जात्यात."

मी फौजदारांनी केलेला पंचनामा काढून वाचला. 'स्थळ पाहिले, मुखवटा नाही.' खाली सह्या सगळ्या पुरुषांच्या.

मी फौजदारांना विचारलं, "साहेब, आपण माथ्यावर गेला होता?"

"शेवटच्या टप्प्यावरून नीट दिसतं, बाई."

"मग मी वर जाते."

"चढवेल का?"

"उतरल्यावर सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. वाट दाखवायला धनगराची बायको, पंच म्हणून पाटलीणबाई. चढ अंगावर येणारा, पायाखालचा मुरूम निसटायचा, लुगड्याच्या काठात कुसळं भरलेली. पाटलीणबाई पायथ्याशी भरभरून बोलत होत्या, अर्ध्या वाटेत गप्प झाल्या. मी काही विचारलं नाही. माणूस असा आपोआप गप्प होत चालला, की त्याला बोलतं करायची घाई करू नये.

माथ्यावर रचलेल्या दगडांचं देवीचं ठाणं, भणाणता वारा आणि लांबवर गोदावरीची रेघ. धनगरीण गुडघ्यांवर बसून एकेक दगड उलटू लागली. तिच्या नखांतून रक्त आलं. ते पाटलीणबाईंना बघवेना. त्यांनी देवीमागची शिळा सरकवली आणि फडक्यात बांधलेला मुखवटा बाहेर काढला.

"आमचे हे देवीला खाली गावात न्यायलेत. मुखवट्याबिगर देवी हलवता येत न्हाई, म्हून म्याच दडवला. मग आमाला वर कोन येऊ देतंय? वरसातून एक दिस तर मिळतो. तुझ्या मालकाला धरतील असं वाटलं न्हवतं गं."

धनगरीण उठून उभी राहिली. "तुमच्या एका दिसापायी माझे दोन दिस गेले, पाटलीणबाई. शेरडं काय तुमी राखली?"

पाटलीणबाईंनी मुखवटा पुन्हा फडक्यात बांधला. मी म्हणाले, "हे ठाण्यात तुम्ही स्वतः सांगायचं."

आणि त्यांनी सांगितलं, नवऱ्यासमोर, शब्द न गिळता. पाटील ओरडले, "आगं, मला घरी बोलायचं की!"

"तुमी इचारलं कवा?"

फौजदारांनी रजिस्टर उघडून नोंद केली: चोरी झालीच नव्हती. दिवस मावळायच्या आत धनगर सुटला. देवी खाली आणायची गोष्ट पाटलांनी पुन्हा काढली नाही.

दुसरा पंचनामा मी माझ्या अक्षरात लिहिला. त्यावर त्या दोघींचे अंगठे घेतले आणि खाली माझी सही केली. पुढे मोठे गुन्हे उघडकीला आणले, शाबासक्या मिळाल्या. पण अभिमान मला या कागदाचा आहे. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, जिथे माझा पाय पोचला नाही, तिथलं एक अक्षरही मी लिहिलं नाही.