हातशेपसुत राणीची भिंत, कनेरगाव नाक्याच्या आत

गेल्या हिवाळ्यात मी इजिप्तला जाऊन आले आणि याच ब्लॉगवर हातशेपसुत राणीबद्दल तावातावाने लिहिलं. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवरा गेल्यावर ही बाई लहान सावत्र मुलाच्या नावाने राज्य बघू लागली आणि पुढे स्वतःच फॅरो झाली. पुतळ्यांना तिने दाढी लावून घेतली, कारण सिंहासनावर दाढीच शोभते असा तिथल्यांचा समज. दूरदेशी जहाजं पाठवून धूपाची झाडं मुळांसकट आणवली, डोंगराला टेकून एक देखणं मंदिर बांधलं. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, त्याच सावत्र मुलाच्या राज्यात, तिचं नाव जागोजागी छिन्नीने खरवडून काढलं गेलं. कर्नाकच्या देवळातल्या तिच्या उंच दगडी स्तंभाभोवती तर चक्क भिंत बांधली. भिंतीआडची अक्षरं त्यामुळेच ऊन-वाऱ्यापासून वाचली, हा भाग मला फार आवडला होता.

ते वाचून नलूचा फोन आला. नलू म्हणजे नलिनी, अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बाकावर बसायची. लग्न होऊन हिंगोली जिल्ह्यात, गोरेगावजवळच्या एका खेड्यात गेली. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘रुक्मिणी’ असं लिहिलं आणि त्या दिवसापासून ती रुक्मिणी झाली. मध्ये बायकांसाठी राखीव जागा निघाली तेव्हा सरपंच होती. आता नवरा नाही. पुतण्याच्या कुटुंबात राहते, आणि सरपंच आहे पुतण्या.

“तुझ्या राणीची भिंत आमच्या गावात पण आहे,” नलू म्हणाली. “परवा पाडणार आहेत. त्याआधी ये.”

का ते सांगेना. ही तिची शाळेपासूनची खोड. मी बॅग भरली.

अकोल्याहून वाशीममार्गे हिंगोलीकडे जाणारी एसटी पकडावी आणि कनेरगाव नाक्यावर उतरावं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ‘परवडत नाही’ ही सबब कोणी सांगू नये. वाशीमपर्यंत रस्ता बरा होता. पुढे मात्र काही ठिकाणी खड्ड्यातला रस्ता शोधावा लागला. नाक्यावरच्या ढाब्यात शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी मागा. शेवभाजी इतकी तिखट, की मी सरकार, ड्रायव्हर आणि स्वयंपाकी या तिघांवरचा राग विसरले. तिथून गोरेगावकडे जीप जाते. भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि ‘भरली’ याचा तिथला अर्थ माझ्या अर्थापेक्षा बराच मोठा आहे. दोन्ही बाजूंना हळदीचे रुंद पानांचे हिरवे पट्टे होते. शेजारच्या बाईने विचारलं, “एकल्याच निघाल्या? घरचं कोणी न्हाई?”

“मी आहे की घरची,” मी म्हटलं. त्यावर तिने मला अर्धं केळं दिलं.

गाव आणि बंजाऱ्यांचा तांडा यांच्या मध्ये जुनी पाण्याची टाकी आहे. आता मोठी टाकी बांधायची म्हणून ही पाडणार. टाकीच्या भिंतीवर लोखंडी चौकटीत भलंमोठं फ्लेक्स लावलेलं होतं. त्यावर गॉगल लावलेला नलूचा पुतण्या आणि त्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. वाढदिवस केव्हाच होऊन गेला होता. मागे टाकीची कोनशिला आहे, एवढंच नलू माझ्या कानात पुटपुटली. शेजारी खुद्द पुतण्या उभा होता, गॉगलशिवाय. माणूस अदबशीर. वाकून नमस्कार केला, मावशी म्हणाला.

“कोनशिला याच्या मागे आहे ना? फ्लेक्स लावायला दुसरी जागा नव्हती?” मी विचारलं.

“मावशी, दगडावर नाव चुकलंय. कारागिरानं घोळ केला. काका होते तवाच म्हनले होते, झाका म्हणून. लोक हसून राहिले होते, काकूला तकलीफ नको.”

“काय नाव पडलंय?”

“कोण्या नलिनीचं. आमच्या गावात नलिनी न्हाईच कोणी.”

मी नलूकडे पाहिलं. ती शांतपणे टाकीकडे पाहत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझा दंड असा चिमटला, की वळ दुसऱ्या दिवशीही होता.

संध्याकाळी तांड्यातल्या बायका जमल्या. नलूने सांगून ठेवलं होतं, की मैत्रीण परदेशातल्या राणीचे फोटो दाखवणार. मोबाईल हातोहात फिरला. दाढीवाल्या राणीपाशी येऊन सगळ्या थांबल्या. धुरपाबाई म्हणून एक वयस्क बाई, मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, तिने फोटो जवळ नेऊन निरखला.

“दाढी लावली तरी नाव पुसलंच की.”

“हो, पुसलं.”

“मंग परत कोणी लावलं?”

मी म्हटलं, हजारो वर्षांनी परक्या देशांतल्या विद्वानांनी ती जुनी लिपी वाचली, तेव्हा कुठे कळलं.

“अन् तिच्या गावच्या बाया काय करत होत्या?”

इजिप्तमधल्या गाईडला मी पुष्कळ प्रश्न विचारून भंडावलं होतं, पण हा एक सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही औंढा नागनाथला गेलो. गाभारा जमिनीखाली आहे. वाकून, अंग चोरून उतरावं लागतं, गुडघे दुखत असतील तर विचार करा. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं मात्र सावकाश फिरून बघा. काही मूर्तींचे चेहरे झिजलेले, काहींचे फुटलेले. तिथेच, एका बिनचेहऱ्याच्या नर्तकीसमोर, नलू बोलली.

“चूक नव्हती गं. मीच सांगितलं होतं कारागिराला. टाकीसाठी तालुक्याला चकरा मी मारल्या, तर म्हटलं, नाव माझं पडू दे. पडदा सरकला आणि हे सगळ्यांसमोर म्हणाले, नाव चुकलं. मी गप्प बसले.”

“आणि आता?”

“आता भिंतीबरोबर तो दगडही गेला, की ती चूकच होती असं कायमचं ठरेल. नलिनी होती हे सांगणारं इथं कोणीच नाही. तू आहेस.”

दुपारी परतलो तेव्हा मजूर चौकट काढत होते. बायका घागरी ठेवून उभ्या होत्या. फ्लेक्स खाली आलं. शेजारी समाजमंदिराची उघडी कोनशिला आहे. पान थुंकून थुंकून तिची अक्षरं गेली आहेत. ही मात्र पांढरीशुभ्र, अक्षरातला काळा रंगसुद्धा शाबूत. नलिनीबाई, सरपंच.

मी भाषणाच्या तयारीनेच पुढे झाले. नलूने हाताने मला मागे सारलं.

“चूक न्हाई ती,” ती पुतण्याला म्हणाली. “माझं नाव हाय. माहेरचं. मीच कोरायला लावलं.”

धुरपाबाई म्हणाली, “इतकी वर्सं सांगितलं काहून न्हाई, बाई?”

“कोणी इचारलंच न्हाई.”

पुतण्या गोंधळला. “काकू, दगड काढून घेऊ बराबर. पण घरात कसा आणावा? जित्या माणसाच्या नावाचा दगड, समाधीसारखं दिसतं.”

“आमच्याकडच्या नळावर बसवा,” धुरपाबाई म्हणाली. “टाकीच्या आधी ओढ्याचं पाणी डोक्यावर आमीच वाहिलं.”

“गुळगुळीत हाय, धुण्याला बी चालंल,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. सर्वांत जास्त नलू हसली. मला अजिबात हसू आलं नाही. अक्षरं वर, लोकांकडे तोंड करून बसतील याची मी दोनदा खात्री करून घेतली. दगड अख्खा निघाला, एका कोपऱ्याचा टवका तेवढा उडाला. निघताना मी पुतण्याचे आभार मानले. म्हटलं, तुम्ही झाकलं म्हणून टिकलं. तो “व्हय मावशी” म्हणाला, पण खूश व्हावं की नाही हे त्याला ठरवता येईना.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. प्रवासाचा खर्च नगण्य, पाठदुखी बऱ्यापैकी. धुरपाबाईचा प्रश्न अजून डोक्यात आहे. त्याचं उत्तर कर्नाकमध्ये मिळणार नाही, पण नलू अधूनमधून फोनवर बातमी देते. एक नवी सून पाण्याला आली, दगड वाचला आणि म्हणाली, काकू, माझंही खरं नाव दुसरंच आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या जावेने आपलं सांगितलं. आता नळावर घागर भरेपर्यंत कोणाचं ना कोणाचं नाव निघतं, आणि त्या एकमेकींना त्याच नावाने हाका मारतात.

परवा नळावर खुद्द सरपंचाची, म्हणजे पुतण्याची, बायको आली होती. तिचं नाव मला कळलं आहे, पण इथे लिहीत नाही. आधी तिला नवऱ्याला सांगू दे.