गुरुवारचा शिवार तास

शिक्षकांच्या खोलीत किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला की भाजीबरोबर एखादा बाहेर पडतोच. ज्याचा किस्सा त्याच्याच तोंडावर सांगण्यात तर जास्त मजा! आमच्या शाळेतले निम्मे किस्से मात्र एकाच तासाने पुरवले. तो म्हणजे गुरुवारचा शिवार तास.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नगरच्या सावेडीहून एसटीने राहुरीकडच्या एका गावात विज्ञान शिकवायला जायचे. आमचे हेडमास्तर शेळके सर निवृत्तीला आले होते आणि त्यांनी एकच ध्यास घेतला होता. आठवड्यातून एकदा आठवीचा वर्ग शेतात, ओढ्यावर, पाटावर न्यायचा आणि तिथंच शिकवायचं. सहल नव्हे, वेळापत्रकातला रीतसर तास!

मीटिंगमध्ये ते म्हणाले, "पुस्तकातलं सगळं बाहेर आहे. मग आपण आत काय करतोय?"

इंग्रजीचे जोशी सर म्हणाले, "सर, आत पंखा आहे."

पंखाही बंदच होता. लाइट सकाळीच गेली होती.

संस्थेच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली, पण अट घालून. तपासणीला नगरहून शिक्षणखात्याचे साहेब येतील, त्यांना पटलं तर तास राहील, नाहीतर कायमचा बंद. ते ऐकून सरांचा चेहरा एवढासा झाला. आम्ही त्यांची कितीही थट्टा केली तरी हा तास टिकावा असं आम्हा सगळ्यांनाच मनापासून वाटत होतं. जोशी सरांनासुद्धा!

* * *

पहिल्या गुरुवारी गणिताचे आढाव सर गेले. क्षेत्रफळ शिकवायचं म्हणून त्यांनी एका वावराच्या बांधालगत टेप पसरली.

आमच्याकडे बांधावर टेप दिसली की लोकांना एकच कळतं, सरकारी मोजणी आली! वावराच्या मालकाचं आणि शेजारच्या सख्ख्या भावाचं बांधावरून हाडवैर. एकीकडून थोरला काठी घेऊन धावला, दुसरीकडून धाकटा कुदळ घेऊन. पोरं वह्या टाकून पळाली. आढाव सर मधोमध उभे राहून ओरडत होते, "अहो, गणित आहे हे, गणित!"

शेवटी थोरला शांत झाला. सरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "गुर्जी, गणित चुकलं तरी चालंल. पन चुकायचंच आसंल, तर आमच्या बाजूनं चुकवा!"

* * *

मग माझी पाळी आली. विषय होता खोड. ऊस त्याला उत्तम, म्हणून मी मालकाला विचारून प्रत्येक गटाला एकेक ऊस मिळवून दिला. पेर बघा, डोळा बघा, आकृती काढा, असं सांगून मी जरा पलीकडच्या गटाकडे गेले.

परत येऊन बघते, तर चोथ्याचा ढीग!

"अरे, नमुना कुठाय?"

"बाई, अभ्यास झाला!"

मालक बांधावर बसून सगळं बघत होता. मी ओशाळून माफी मागायला लागले, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाई. फकस्त फुडचा अभ्यास शेजारच्या उसात घ्या. त्यो लई गोड हाय!"

* * *

एकदा एका मुलाची आई थेट शाळेतच आली. मजुरीला जाणारी बाई, कामावरूनच आली होती.

"सर, आमचा जल्म उन्हात गेला. पोरगं सावलीत बसावं म्हनून साळंत घातलं. अन् तुमी त्याला पुन्हा उन्हात न्हेता?"

तिचं बोलणं मला लागलं. शेळके सरांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. म्हणाले, "ताई, तिथं काम करायला नाही नेत. फक्त नीट बघायचं, निरीक्षण करायचं."

"नुस्तं बघायचं?"

"हो, नुसतं बघायचं."

"मंग त्याला साळा कशाला? घरी म्या काम करते तवा त्यो त्येच करतो!"

* * *

जोशी सर गुरुवार टाळायचे. शेवटी एकदा तयार झाले. चार मुलांनी फळा उचलला, दोघांनी खुर्ची, एकाने खडू-डस्टर आणि ही वरात ओढ्याकाठच्या चिंचेखाली पोचली.

शेळके सर कौतुकाने बघायला गेले. बघतात तर काय, सगळा वर्ग ओढ्याकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करून बसलेला! पाण्यात बगळे, पलीकडे मेंढरं, आणि इकडे जोशी सर पुस्तकातला धडा वाचतायत.

"अहो, जरा मागे बघू द्या की मुलांना!"

"सर," जोशी सर वैतागून म्हणाले, "मागे बघत बसली तर शिकणार कधी?"

* * *

आणि मग तपासणी आली, तीही नेमकी गुरुवारी.

आदल्या दिवशी शेळके सर कामासाठी नगरला गेले होते. तेवढ्यात जोशी सरांनी सूत्रं हातात घेतली. म्हणाले, "सरांचा तास वाचवायचा असेल तर काही नशिबावर सोडायचं नाही." आम्ही वर्ग पाटावर नेला, प्रत्येकाला एकेक झाड वाटून दिलं, उत्तरं पाठ करून घेतली. सरांना अर्थातच कळू दिलं नाही.

गुरुवारी साहेब पाटाच्या कडेने निघाले. शेजारी शेळके सर, मागे आम्ही. साहेबांनी लिंबाकडे बोट दाखवलं, एक मुलगा पुढे येऊन घडाघडा बोलला. बाभळीपाशी दुसरा. साहेब खूश, सरांचे डोळे भरून आलेले.

पुढे एक भलामोठा उंबर होता. साहेबांनी पुढच्याच मुलीला विचारलं, "बाळ, हे झाड कोणतं?"

तिने जोशी सरांकडे बघितलं. जोशी सरांनी आभाळाकडे.

"सांग की. घाबरू नकोस."

"साहेब," ती म्हणाली, "ह्ये झाड मला न्हाई. मला करंज हाय. ह्ये संज्याला दिल्तं, अन् त्यो आज आलाच न्हाई!"

साहेबांनी शेळके सरांकडे बघितलं. सरांनी आमच्याकडे. आम्ही पाटातल्या पाण्याकडे.

तास गेला, असं मी मनात धरूनच चालले. साहेब तडक जीपपर्यंत गेले, आत बसले आणि मग त्यांनी शेळके सरांना जवळ बोलावलं.

"सर, तास चालू ठेवा. मुलांना दर गुरुवारी बाहेर न्या."

सरांनी हात जोडले. जीप सुरू झाली तसे साहेब खिडकीतून वाकून म्हणाले,

"फक्त शिक्षकांना वर्गातच बसवा!"