अक्काला पाजलेलं दूध

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. अर्धापूरजवळच्या खेड्यात राहते. दोन वर्षांमागं तिचे जुलाब थांबेनात, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा मी तिला लातूरला माझ्याकडे आणलं.

मी इथल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. घरातला शिकलेला म्हणून इलाजही मीच ठरवला. अंगात ताकद नाही, तर दोन वेळा पेलाभर दूध.

"दूध प्यालं की पोटात लई गुडगुडतं रे," ती म्हणायची.

"सवय नाही तुला. पी."

एकदा ती मोरीत दूध ओतताना दिसली. बायकोसमोरच मी तिला म्हणालो, "ह्या वयात नखरे करतेस?" त्यानंतर ती रोज माझ्यासमोर पेला रिकामा करायची आणि पोट धरून आत जायची.

महिनाभरानं नांदेडच्या पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "लहान आतड्याच्या अस्तराला सूज आहे. दूध पचवणारं एन्झाइम तिथंच असतं. अस्तर खराब झालं की ते कमी पडतं, दूध न पचता पुढं सरकतं, मग गॅस आणि जुलाब. दूध चालू होतं का?"

"हो. मीच देत होतो."

त्याच आठवड्यात मी फळ्यावर आतड्याची ती बोटांसारखी टोकं काढून त्यांच्यावर त्याच एन्झाइमचं नाव, लॅक्टेज, लिहिलं होतं. मी काय करतो, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत मला राहवलं नाही. "अक्का, हे मला ठाऊक होतं. पोरांना शिकवतो मी."

ती म्हणाली, "मी सांगत होते की तुला."

रागानं नव्हे, अगदी साधं म्हणाली. मला मान वर करता येईना.

गोळ्यांनी सूज हळूहळू उतरली. अंगावर मांस आलं, ती गावी परतली. आता चहापुरतं दूध सोसतं तिला. पण काही नवं खायचं झालं की अजून मलाच फोन करते.

"डॉक्टरांना विचार ना, अक्का."

"त्यांला कशाला? तू हायस की."