काढलेला कोड, पडलेली पाटी

अशा गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. कविता वाचत वाढले. त्यामुळे भास कुठे संपतो आणि घटना कुठे सुरू होते, हे आपल्याला कळतं असा माझा समज होता... मागच्या मे महिन्यातल्या त्या दुपारपर्यंत.

भिलाईत, कोहक्याला आमचं घर. कूलरच्या वाळ्याचा ओला गंध, खिडकीत पांढरं ऊन. मी घरूनच काम करते. त्या दिवशी आमच्या वेब फ्रेमवर्कच्या डेटाबेस लेयरमधला जुना, विनावापर कोड काढत होते. बाबा — पोलाद कारखान्यातले निवृत्त इलेक्ट्रिशियन — अंगणात बोअरची मोटर उघडून बसले होते. व्हरांड्यातला मेन स्विच बंद करून त्याला त्यांनी नोकरीतल्या सवयीने लाल पाटी बांधली होती. कारखान्यातला नियम साधा : पाटी ज्याने बांधली, त्यानेच सोडायची.

"तू बी मेन्टेनन्सच करून राहिली," मला चिडवत ते म्हणाले होते, "पन तुया हाताले काळं नाही लागत."

एक फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, सापडलं. ते कुठेच वापरलेलं नव्हतं, तीनदा शोधलं. वर टिपण होतं — मला विचारल्याशिवाय काढू नये. खाली एका जुन्या सहकाऱ्यांचं नाव. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी विचारलं नाही... ओळी पुसल्या. सगळ्या टेस्ट पास झाल्या, कुठेच काही अडलं नाही.

त्याच क्षणी व्हरांड्यात खट् असा आवाज झाला आणि मोटर घुमू लागली.

मी धावले. बाबा भिंतीला टेकून बसले होते, उजवा हात छातीशी घट्ट धरून. बोटं शाबूत होती. स्विच चालू होता. पाटी खाली पडलेली; तिच्या दोरीची गाठ तशीच, न सुटलेली, न तुटलेली. घरात आम्ही दोघंच.

मी स्विच बंद केला.

"बरं झालं तू आवाज देल्ला," ते म्हणाले. "हात काढा म्हनली, म्हनून काढला."

"मी नाही दिला, बाबा."

त्यांनी माझ्यामागे, रिकाम्या व्हरांड्याकडे पाहिलं. "मंग कोन होतं?"

माझ्या तोंडात तांब्याची चव उतरली होती. आत जाऊन त्या ओळी मी पुन्हा जागेवर ठेवल्या. संध्याकाळी त्या सहकाऱ्यांना फोन केला. टिपण त्यांचंच होतं; कशासाठी लिहिलं, ते मात्र त्यांना आठवेना.

स्विच सैल असेल, बाबांना भास झाला असेल — स्वतःला सारं सांगून पाहिलं. त्या गाठीचं काय, हे आजही सांगता येत नाही. आता बाबा मोटर उघडतात तेव्हा मी लॅपटॉप मिटते आणि बंद स्विचवर तळहात दाबून उभी राहते. कधी कधी हाताखालचा खटका हलू पाहतो...

मी हात काढत नाही.