उंबऱ्यात अडलेले बूट

“मॅडम, हे हाटेल हाय, देवघर नाई. बूट काढून आतमंदी कोन येईल? उद्या टेबल-खुर्च्या येऊन राह्यल्या. चटया गुंडाळा.”

देवरावजींनी मला सगळ्या सुतारांसमोर सुनावलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आदिलाबादेत मी त्यांचं छोटं रेस्टॉरंट सजवत होते. जेवण आपलंच, मांडणी जपानी. बुटकी टेबलं, खाली चटया आणि शोजी, म्हणजे लाकडी चौकटीत कागद लावलेले सरकते दरवाजे. चौकटी जवळच्या निर्मल गावच्या सुतारांनी झकास केल्या होत्या. इंटिरियर डिझाइनर म्हणून माझं हे पहिलंच स्वतंत्र काम. इथे खुर्च्या शिरल्या असत्या, तर पुढे मला कोणी पडदे निवडायलाही बोलावलं नसतं.

“डिझाइन तुम्हीच पास केलं ना? मग खुर्च्या आत येणार नाहीत,” मी ठणकावलं.

“काऊन एवढा हट्ट करून राह्यल्या? बरं, संध्याकाळी माझे दोस्त जेवाले बलावतो. बसले तं तुमचं खरं.”

दोस्त आले, सगळे ऑफिसवाले. उंबऱ्यापाशी आले आणि तिथेच थबकले. “आमी उभ्यानंच चहा घेतो,” त्यांच्यातले इंजिनियरसाहेब म्हणाले. देवरावजी माझ्याकडे बघून हसले. माझं डोकंच फिरलं.

“का हो साहेब, घरी बूट घालून जेवता?”

साहेब हळूच म्हणाले, “बाई, वरडू नका. मोजा फाटका हाय.”

अगं बाई! म्हणजे अडलं होतं ते मोज्यापाशी, आणि मी त्याला साहेबी तोरा समजत होते. आपल्याकडे पाय धुतल्याशिवाय पानावर कोण बसतं? मग इथे का बसावं?

सकाळी उजाडताच गवंडी लावला. नळाची लाइन बाहेर होतीच. दाराशी आडोसा, त्यामागे शहाबादी फरशी, नळ, खुंटीला टॉवेल. पाय धुवायचे म्हटल्यावर मोजे बुटांतच राहतात.

“आता न्हानीबी जपानी का?” देवरावजी खेकसले.

“न्हानी तुमच्या गावची, नेरडीगोंड्याची. धुवा पाय!”

दुपारी खुर्च्यांचा टेम्पो आला. मी दारात आडवी उभी राहिले. तेवढ्यात कालचे साहेब आले. थेट आडोशामागे गेले, ओल्या पायांनी बाहेर आले आणि चटईवर मस्त मांडी ठोकून बसले. “वाढा,” म्हणाले.

देवरावजींनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, “वापस ले जाव.”

तेव्हापासून क्लायंट डिझाइनला ‘नाही’ म्हणाला, की मी ड्रॉइंग बदलत नाही. आधी त्याचा मोजा कुठे फाटलाय ते शोधते.