कंपाउंडरांचा नेचा

चौतीस वर्षं दवाखान्यात औषधं बांधून कंपाउंडर निवृत्त झाले, आणि घरात कुणी आजारीच पडेना. रिकामे हात मग मागच्या अंगणाकडे वळले. दोन उंच भिंतींमधल्या त्या पट्टीत ऊन चुकूनही फिरकत नसे. गुलाब गेला, मोगरा गेला. सूर्यफुलाने तर उगवायचेही कष्ट घेतले नाहीत.

"तुमच्या हाताला गुण नाही," बायको म्हणाली. कंपाउंडरला याहून मोठी शिवी नाही.

दवाखान्यामागच्या ओल्या भिंतीला गिलावा होणार असं कळलं, तेव्हा तिच्या फटीतला वीतभर नेचा त्यांनी चमच्याने सोडवून आणला आणि अंगणातल्या भिंतीच्या कडेला रोवला. त्या भिंतीतलाच, कुणी न लावलेला. आता फटी बुजल्यावर एवढाच उरलेला. विटांचे तुकडे, पालापाचोळ्याचं खत आणि सावली एवढ्यावर तो खूश होता. मोजून अकरा पानं. हा गेला तर वंशच बुडाला, म्हणून कंपाउंडर दिवसातून चारदा त्याची तब्येत बघत.

तिसऱ्या महिन्यात पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके उठले. कंपाउंडरांनी भिंग लावून निदान केलं: खरूज. सकाळ-संध्याकाळ कापसाच्या ओल्या बोळ्याने एकेक पान पुसणं सुरू झालं.

"जेवणाआधी की जेवणानंतर?" बायकोने विचारलं.

"कर चेष्टा. पेशंटला उतार पडतोय."

धाकटी मेहुणी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. रविवारी ती आली, त्यांच्या हातातला बोळा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"भावोजी, खरूज कसली? पोरंबाळं आहेत ती! नेच्याला ना फूल ना बी. या ठिपक्यांतल्या भुकटीतूनच त्याची पुढची पिढी!"

कंपाउंडर मटकन स्टुलावर बसले. दहा पानं लख्ख झाली होती. अकरावं भिंतीला चिकटलेलं. तिथवर हात पोचला नाही म्हणून वाचलं होतं.

"आता याला काय देऊ?"

"काही देऊ नका. पान पिकलं की ओल्या विटेवर टेकवा आणि गप्प बसा."

असलं प्रिस्क्रिप्शन त्यांनी उभ्या नोकरीत वाचलं नव्हतं. तरी पाळलं. दोन महिन्यांनी विटेवर हिरव्या खपल्या दिसल्या आणि बोटं शिवशिवली.

"बुरशी असणार. जरा खरवडून..."

"हात मागे!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

हात मागे गेले, ते आणखी दोन महिने मागेच राहिले. मग एका सकाळी एका खपलीतून टाचणीच्या डोक्याएवढं पान वर आलं. बायकोने भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"फारच बारीक आहे हो."

"पहिलंच आहे," कंपाउंडर म्हणाले, आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.